खून पहिल्याच पानावर, मग निराशा कशाची?

वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं एकाच कादंबरीभोवती फिरत आहेत: डॉना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’. बनी नावाच्या मुलाचा खून होतो हे लेखिकेनंच पहिल्या पानावर सांगून टाकलं आहे, त्यामुळे ते इथेही लपवलेलं नाही. शेवट मात्र फोडलेला नाही.

प्रश्न: ‘डार्क अ‍ॅकॅडेमिया’ आवडत असेल तर हे वाचलंच पाहिजे, असं सगळीकडे ऐकून ‘द सीक्रेट हिस्टरी’ विकत घेतली. जुनं कॉलेज, ग्रीक शिकणारी मुलं, बर्फ, खून, सगळा मसाला होता. पण खुनी कोण ते पहिल्या पानावरच कळलं. पुढची अडीचशे पानं लोक नुसते जेवतात, पितात आणि फिरतात. एकही पात्र आवडलं नाही. ज्या रात्रीवर सगळं उभं आहे ती रात्र दाखवलेलीच नाही. नेटानं शेवटपर्यंत गेले, तर हाती काहीच लागलं नाही. माझं काही चुकलं, की पुस्तकाचा उगाच गवगवा झालाय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तुमचं काही चुकलेलं नाही. पण पत्रात जाहिरातीवरचा राग आणि पुस्तकावरचा राग एकमेकांत मिसळले आहेत. ते आधी वेगळे करू, कारण पुस्तकावरचा तुमचा काही राग अगदी रास्त आहे आणि तो या गोंधळात वाया जाऊ नये.

कादंबरी १९९२ सालची. लेखिकेचं पहिलंच पुस्तक असूनही नॉफ या प्रकाशनानं पहिली आवृत्ती ७५,००० प्रतींची काढली होती. ‘डार्क अ‍ॅकॅडेमिया’ हे नाव वीसेक वर्षांनी टंबलर या समाजमाध्यमावर रुळलं आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये टिकटॉक-इन्स्टाग्रामवरून सगळीकडे पसरलं. या नावाखाली जे विकलं जातं ते म्हणजे लोकरी कोट, शाईची पेनं, मेणबत्त्या आणि जाडजूड ग्रंथ. हे सगळं कादंबरीत आहे, पण ते कोणाच्या नजरेतून दिसतं ते पाहा. सांगणारा रिचर्ड पेपन हा कॅलिफोर्नियातल्या एका रुक्ष गावातल्या पेट्रोलपंपवाल्याचा मुलगा. माहितीपत्रकातली चित्रं पाहून तो व्हरमाँटमधल्या हॅम्पडेन कॉलेजात येतो. (कॉलेज काल्पनिक आहे. टार्ट स्वतः व्हरमाँटमधल्याच बेनिंग्टन कॉलेजात शिकल्या आणि १९८६ साली पदवीधर झाल्या.) पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच रिचर्ड कबूल करतो, की देखणं आणि चित्रासारखं जे जे असेल ते वाटेल त्या किमतीला हवंसं वाटणं हाच त्याचा जीवघेणा दोष. म्हणजे ज्या वातावरणाची रीलमध्ये आरती होते, तेच कादंबरीत माणसांच्या नाशाचं कारण आहे. त्या वातावरणात रमायला म्हणून पुस्तक उघडलं की ते थंड आणि तुसडं वाटणारच.

आता रहस्याबद्दल. प्रस्तावनेच्या जेमतेम दोन पानांत लेखिका सांगते, की बनी मेला, प्रेत दहा दिवसांनी सापडलं, आणि व्हरमाँटच्या इतिहासातल्या मोठ्या शोधमोहिमांपैकी एक त्यासाठी झाली. ‘कोणी’ हा प्रश्न तिथेच संपतो. पुस्तकाचे दोन भाग आहेत, पहिल्यात पाच प्रकरणं आणि दुसऱ्यात तीन. खून पाचव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी होतो. म्हणजे ती अडीचशे पानं तयारीचीच आहेत, आणि ती तयारी जेवणाखाण्यातूनच चाललेली असते. त्या पानांत ‘पुढे काय होतं’ हे शोधू नका, ‘बिल कोण भरतं’ हे शोधा. बनी रिचर्डला झकास हॉटेलात जेवायला नेतो, भरपूर मागवतो आणि बिल आल्यावर त्याच्या खिशात पैसे नसतात. शेवटी ग्रीक शिकणाऱ्या त्यांच्या गटातल्या श्रीमंत हेन्रीला फोन जातो आणि तो येऊन पैसे भरतो. वाचताना हा प्रसंग गमतीचा वाटतो. पण पुढे हाच बनी हेन्रीच्या खर्चानं रोमला जातो, तिथे हेन्रीची लॅटिनमध्ये लिहिलेली डायरी वाचतो, आणि मित्रांनी एका रात्री प्राचीन ग्रीक विधी करून पाहताना एका शेतकऱ्याला मारल्याचं त्याला कळतं. त्यानंतरचं त्याचं ब्लॅकमेल हे ‘इतके पैसे दे’ असं नसतं. टोमणे, गाणी, भलत्या वेळी काढलेला विषय आणि आणखी बिलं असं ते चालतं. रिचर्डसुद्धा पैशाबद्दलच खोटं बोलत असतो. त्याच हिवाळ्यात तो छताला भोक पडलेल्या, शेगडी नसलेल्या खोलीत न्यूमोनियानं मरायला टेकतो, पण गरीब असल्याचं कोणाला सांगत नाही. हा धागा धरला की ती अडीचशे पानं रिकामी राहत नाहीत. आणि एक अस्वस्थ करणारी गोष्ट घडते: बनी एकदाचा टळला तर बरं, असं वाचकालाच वाटू लागतं. लेखिकेनं लावलेला सापळा हाच. पात्रं आवडण्याजोगी असती तर तो लागलाच नसता.

शेतकरी मारला गेला ती रात्र दाखवली नाही, ही तुमची तक्रार आम्हाला मान्य नाही. ग्रीक शोकांतिकेत हिंसा सहसा रंगमंचावर होत नाही. ती पडद्याआड होते आणि कोणीतरी येऊन सांगतो. रिचर्ड त्या रात्री तिथे नव्हता, बनीही नव्हता, म्हणून वाचकालाही ती हेन्रीच्या तोंडूनच कळते, तीही त्याला सोयीची वाटेल तेवढीच. बनीच्या खुनाचंही तेच. दरीच्या काठावर बनी अवचित येऊन ठेपतो आणि इथे काय करताय असं विचारतो. नेचे शोधतोय, नवे नेचे, असं काहीसं हेन्री म्हणतो आणि त्याच्या दिशेनं एक पाऊल टाकतो. तिथे पहिला भाग संपतो. ढकलणं नाही, किंकाळी नाही. भरभर पान उलटलं तर काहीच न घडल्यासारखं वाटतं. पण ते एक पाऊल संपूर्ण पुस्तकातली सर्वांत पक्की जागा आहे.

आता पुस्तकाचे खरे दोष. उत्तरार्ध सैल आहे. प्रेताचा शोध आणि बनीच्या दफनासाठी त्याच्या आईवडिलांच्या कनेक्टिकटमधल्या घरी झालेला मुक्काम, इथवर लिखाण जोरकस आहे. दुःखापेक्षा पाहुण्यांची व्यवस्था मोठी झालेलं ते घर विसरता येत नाही. त्यानंतर मात्र दारू, भांडणं, हॉटेलातल्या खोल्या आणि एकमेकांना चुकवणं यांची पुनरावृत्ती होते. त्यातली शंभरेक पानं कापली असती तर शेवट अधिक लागला असता.

दुसरा दोष कॅमिलाचा. गटातली ही एकुलती एक मुलगी जवळजवळ शेवटपर्यंत चित्रच राहते. ‘रिचर्डची नजरच तशी आहे’ हे समर्थन पुरेसं नाही, कारण त्याच रिचर्डनं वसतिगृहातली बडबडी ज्यूडी पूवी चार वाक्यांत जिवंत उभी केली आहे. तिसरा, ज्युलियन मॉरो या प्राध्यापकाची मोहिनी. हा माणूस मोजकेच विद्यार्थी घेतो आणि त्यांना कॉलेजातल्या इतर सगळ्यांपासून तोडतो. त्याच्यापायी ही मुलं जग विसरतात असं आपल्याला सांगितलं जातं, पण त्याचं शिकवणं खऱ्या अर्थानं दिसतं ते सुरुवातीच्या एका लांब तासात. बाकी विश्वासावर घ्यावं लागतं. ज्युलियनबद्दल बोलताना आपण त्याला नेहमी रंगवतो, असं रिचर्ड फार उशिरा कबूल करतो. ती कबुली हुशार आहे, तिनं उणीव भरून निघत नाही.

आणि तो शेतकरी. स्वतःच्या जमिनीवर, मध्यरात्री मारला गेलेला माणूस. गटातल्या कोणालाही त्याच्याबद्दल टिपूसभर वाईट वाटत नाही. हे लेखिकेनं मुद्दाम केलं आहे यात शंका नाही. पण कादंबरीही त्याला इतक्या लवकर विसरते, की मुद्दा बहुतेक वाचकांच्या हातून निसटतो.

तुम्ही पूर्ण पुस्तक पुन्हा वाचावं असं आम्ही सुचवणार नाही. प्रस्तावना, बनीबरोबरच्या जेवणाचा प्रसंग, विषारी अळंब्यांचा बेत आणि पाचव्या प्रकरणाचा शेवट एवढंच वाचा. अळंब्यांच्या प्रसंगात हेन्री किती मात्रा लागेल याचं गणित रिचर्डपुढे मांडतो, आणि बोलणं गणिताबद्दल होतं, माणसाबद्दल नाही. एवढी पानं शांतपणे वाचूनही मन बसलं नाही, तर पुस्तक खुशाल देऊन टाका. पूर्वार्ध उत्तम आणि उत्तरार्ध मध्यम, हे आमचं मत आहे.

प्रश्न: कादंबरीत ग्रीक, लॅटिन, फ्रेंच वाक्यं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी भाषांतर नाही. आधी काही वाचून घ्यावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ती वाक्यं ओलांडून पुढे जा. कथानक त्यांवर अडत नाही. ही मुलं आपसात कशी बोलतात, बाहेरच्याला कसं बाहेर ठेवतात, एवढाच त्यांचा उपयोग. रिचर्डही आत शिरतो तो असाच: ग्रंथालयात गृहपाठाशी झगडणाऱ्या तिघांना तो एक ग्रीक प्रत्यय सुचवतो.

वाचायचंच असेल तर एकच नाटक वाचा, प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीजचं ‘बॅकाय’. सुमारे १४०० ओळी आहेत, दोन तासांत संपतं. पद्य अनुवाद जड वाटला तर गद्य घ्या. गोष्ट अशी: डायोनायसस हा देव थीब्जमध्ये येतो, राजा पेन्थियस त्याला देव मानायला नकार देतो, आणि डोंगरावर उन्मादात नाचणाऱ्या बायका राजाचे तुकडे करतात. त्यांत त्याची आई अगावीही असते. मुलाचं मस्तक सिंहाचं समजून ती मिरवत गावात येते आणि हळूहळू शुद्धीवर येते. शुद्धीवर येण्याचा तो प्रसंग नीट वाचा, कारण कादंबरीतल्या मुलांना नेमकं तेच जमत नाही. नाटक कादंबरीच्या आधी वाचू नका. पहिली शंभर पानं झाल्यावर वाचलं तर कुठे काय जुळतं ते आपोआप दिसतं.

आणखी खोलात जायचं असेल तर ई. आर. डॉड्स यांच्या १९५१ सालच्या ‘द ग्रीक्स अँड द इर्रॅशनल’ या ग्रंथाचं एक परिशिष्ट वाचा. दहा-बारा पानांचंच आहे आणि डायोनायससच्या उन्मादी उपासकांबद्दल आहे. टार्ट यांनी दुसऱ्या भागाच्या आरंभी डॉड्स यांचंच वाक्य दिलं आहे. त्यातून कळतं, की डोंगरावरचे हे विधी बायकांचे असत, एक वर्षाआड आणि भर हिवाळ्यात होत. पर्नासस पर्वतावर हिमवादळात अडकलेल्या अशा बायकांना सोडवायला गेलेल्या लोकांचे अंगरखे लाकडासारखे ताठ झाले होते, अशी हकिकत प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कनं नोंदवली आहे. हेन्रीच्या गटानं जे केलं ते प्राचीन विधीचं पुनरुज्जीवन मुळीच नव्हतं. पुस्तकं वाचून, स्वतःला हवं तसं रचलेलं ते काहीतरी होतं. हे लक्षात आलं की हेन्रीच्या विद्वत्तेचा दरारा बराच उतरतो.

मराठीतून शोकांतिकेची ओळख हवी असेल तर विंदा करंदीकरांचं ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आणि पु. ल. देशपांडे यांचं ‘राजा ओयदिपौस’ ग्रंथालयात मागा. नायकाच्या जीवघेण्या दोषाची कल्पना रिचर्डनं कुठून उचलली ते त्यांतून स्पष्ट होतं.

प्रश्न: आमच्या वाचनगटात आठ जण आहोत. हीच कादंबरी ठरली आहे, पण गेल्या वेळी मोठं पुस्तक घेतलं तेव्हा निम्म्यांनी अर्ध्यावर सोडलं. बैठका कशा लावाव्यात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आवृत्तीप्रमाणे पुस्तक साडेपाचशे ते सव्वासहाशे पानांचं आहे. चार बैठका ठेवा, प्रत्येकी तीन आठवड्यांच्या अंतरानं. पहिलीला प्रस्तावना आणि प्रकरणं १ व २. दुसरीला ३ व ४. तिसरीला ५ व ६. चौथीला ७, ८ आणि उपसंहार. बैठकीला साधारण दीडशे पानं येतात, म्हणजे रोजची सात-आठच. प्रकरणं फार लांब आहेत, एकेक सत्तर-ऐंशी पानांचं. त्यामुळे ‘एक प्रकरण वाचून झोपू’ असं ठरवणारे पहिल्या आठवड्यातच मागे पडतात. प्रकरणात मोकळ्या ओळी सोडलेल्या आहेत, तिथे थांबायचं असं आधीच सांगून ठेवा.

तिसरी बैठक महत्त्वाची. पाचवं आणि सहावं प्रकरण एकत्रच घ्या. पाचव्याशी थांबलात तर लोकांना गोष्ट संपल्यासारखी वाटते आणि गळती तिथेच होते. सहाव्यात एप्रिलमधला अवेळी बर्फ प्रेत झाकून टाकतो आणि सगळा बेत फिसकटतो, त्यामुळे पुढची ओढ टिकते.

चर्चा ‘दोषी कोण’ यावर जाऊ देऊ नका. त्या प्रश्नावर पाच मिनिटांत सगळे एकमत होतात आणि मग बोलायला काही उरत नाही. त्याऐवजी आठ जणांना आठ गोष्टी वाटून द्या आणि पेन्सिलीनं खुणा करायला सांगा. एकानं पैसे पाहायचे. एकानं रिचर्ड कुठे कुठे खोटं बोलतो ते. एकानं ऐकीव माहितीच्या जागा, म्हणजे रिचर्डनं स्वतः न पाहिलेलं. एकानं फक्त कॅमिला काय बोलते ते, रिचर्डचं वर्णन वगळून. हा कागद चौथ्या बैठकीत वाचायला घ्या, तो किती छोटा भरतो हे पाहण्यासारखं असतं. एकाला शेतकरी द्या. उरलेल्यांना ज्युलियन, दारू आणि हवामान. हवामान ऐकायला किरकोळ वाटतं, पण या कादंबरीत बर्फ पडणं आणि वितळणं यावरच सगळं वेळापत्रक चालतं.

ज्यांचं आधीच वाचून झालंय त्यांना चौथ्या बैठकीपर्यंत ज्युलियनबद्दल बोलायची बंदी घाला. शेवटाकडची सर्वांत मोठी कलाटणी त्याच्याशी जोडलेली आहे.

प्रश्न: माझी मुलगी दहावीत आहे. मैत्रिणींचं पाहून तिलाही ही कादंबरी हवी आहे. देऊ का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: पुस्तक प्रौढांसाठी लिहिलेलं आहे. दुकानात ते बऱ्याचदा तरुण वाचकांच्या फळीवर ठेवलेलं असतं म्हणून हे स्पष्ट सांगतो. पानोपानी दारू आणि गोळ्या आहेत. खून आहेत, आत्महत्या आहे, भावाबहिणीतल्या शरीरसंबंधाचा उल्लेख आहे. बनीच्या तोंडी समलिंगी आणि परधर्मीय लोकांबद्दल घाणेरडे शब्द आहेत. इंग्रजी मात्र अवघड नाही, त्यामुळे ‘भाषा झेपणार नाही’ या कारणानं नकार देऊ नका, तिला ते पटणार नाही. बारावीनंतर दिलेलं बरं. आत्ताच हट्ट असेल तर तुम्हीही सोबत वाचा, आणि हेन्री तिला थोर वाटू लागला तर लगेच समजवायला जाऊ नका. माणूस चंद्रावर जाऊन आल्याचं कानावर आल्यावर हेन्री चकित होतो, ती जागा तिला दाखवा. मृत भाषांमध्ये राहणारा माणूस आपल्या काळापासून किती तुटलेला असू शकतो ते तिचं तिलाच कळेल.

प्रश्न: फुटपाथवरून घेतलेल्या प्रतीत मजकूर मध्येच तुटतो. लेखनाची शैलीच अशी आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही, तुमच्या प्रतीत फर्मा गळलेला दिसतो. पुस्तक सुट्या पानांनी छापत नाहीत, सोळा किंवा बत्तीस पानांच्या फर्म्यांत छापतात. नकली प्रती घाईनं बांधताना एखादा फर्मा राहतो, दोनदा लागतो किंवा उलटसुलट बसतो. पानांचे आकडे सलग पाहत जा. उडी सोळाच्या पटीत असेल तर निदान पक्कं. या कादंबरीत एवढ्यानं फार नुकसान होतं, कारण मोठ्या गोष्टी एकेका परिच्छेदात उरकल्या आहेत. नेमकी डायरीची किंवा दरीची पानं गेली तर पुढचं काहीच लागणार नाही. शिवाय अशा प्रतींत तिरका टाइप पुसट येतो आणि ग्रीक अक्षरांच्या जागी भलतंच काही छापलेलं असतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात खरी, वापरलेली प्रत मिळते, ती घ्या. घेण्यापूर्वी आठ प्रकरणं आणि उपसंहार आहेत ना ते पाहा, आणि मधली पानं दिव्याकडे धरा. मागचा मजकूर पुढे वाचता येत असेल तर ती प्रत घेऊ नका.

प्रश्न: ‘बेबेल’बद्दलही माझी अशीच निराशा झाली. कल्पना जबरदस्त, पण लेखिका सतत भाषण देते आणि तळटीपा संपता संपत नाहीत. (एक वाचक, मुंबई)

उत्तर: आर. एफ. क्वांग यांची ही कादंबरी २०२२ची. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड, तिथली भाषांतराची काल्पनिक संस्था, आणि दोन भाषांतले शब्द कोरलेल्या चांदीच्या कांड्यांवर चालणारं साम्राज्य. कँटनहून आणलेला रॉबिन, कलकत्त्याचा रामी, मूळ हैतीची व्हिक्टोआर आणि इंग्रज लेटी असे चौघे मध्यभागी आहेत.

तुमची तक्रार योग्य आहे. प्रसंगानं जे दाखवलं तेच पुढच्या वाक्यात सांगितलं जातं आणि तळटीपेत पुन्हा ठसवलं जातं. वाचकावर एवढा अविश्वास चांगल्या कादंबरीला शोभत नाही. इंग्रज प्राध्यापक पहिल्या भेटीतच इतके उघड दुष्ट आहेत, की रॉबिनचं तिथे रमणं पटत नाही. पुन्हा वाचलीत तर तळटीपा पहिल्या खेपेला सोडून द्या, आणि रामी व लेटी यांची मधली छोटी प्रकरणं आणि शेवटचा व्हिक्टोआरचा उपसंहार सावकाश वाचा. लेटीचं विशेषतः. तिथे लेखिका भाषण थांबवते.

पण पुस्तकाच्या पाठीमागचा इतिहास खरा आहे आणि तो तुमच्या शहरातून जातो. त्याच काळात माळव्याची अफू मुंबई आणि दमण बंदरांतून चीनकडे जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनच्या कापूस आणि अफू व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली १८४२ साली, म्हणजे पहिलं अफूयुद्ध संपलं त्याच वर्षी. ऑक्सफर्डचं संस्कृतचं बोडेन अध्यासन ज्या जोसेफ बोडेन यांच्या पैशातून उभं राहिलं, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले अधिकारी होते. संस्कृतच्या ज्ञानातून हिंदुस्थानात धर्मप्रसार सोपा व्हावा हा त्यांचा हेतू होता. पहिले प्राध्यापक होरेस हेमन विल्सन १८३२ साली निवडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला, आणि त्यामागे मराठी शास्त्र्यांचे कष्ट होते. भाषा शिकणं आणि मुलूख ताब्यात ठेवणं यांचं नातं ‘बेबेल’नं कल्पनेतून काढलेलं नाही. म्हणूनच लेखिकेनं आवाज चढवायची गरज नव्हती, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न: कॉलेज, नाटक, मैत्री वगैरे सगळं हवं, पण खुनी कोण हे शेवटपर्यंत कळू नये. असं काही आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: एम. एल. रिओ यांची ‘इफ वी वेअर व्हिलन्स’ घ्या, २०१७ची. इलिनॉयमधल्या एका काल्पनिक नाट्यविद्यालयातले सात विद्यार्थी फक्त शेक्सपिअर करतात. दहा वर्षं तुरुंगात काढून सुटलेला ऑलिव्हर तपास अधिकाऱ्याला खरी हकिकत सांगतो. कादंबरीचे पाच अंक आहेत आणि उत्तर पाचव्यात मिळतं. ‘द सीक्रेट हिस्टरी’पेक्षा ती लहान आणि वेगवान आहे, पण तेवढी खोल नाही. पात्रं साध्या बोलण्यातही नाटकातल्या ओळी फेकतात, त्याचा पहिल्या पन्नास पानांत त्रास होतो. ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘किंग लिअर’ माहीत असतील तर तो बराच कमी होतो. लिअरसाठी विंदांचा ‘राजा लिअर’ हाताशी ठेवा. सीझरचा निदान तिसरा अंक वाचून घ्या, तो खुनाचा आणि त्यानंतरच्या दोन भाषणांचा.